ओळखणारा एक मतदार

अलाबामा, १९६४. मतदार यादीत नाव घालायला ओझेला सकाळपासून रांगेत होती. हातातला रुमाल पिळून पिळून त्याची चिंधी झाली होती.

"तुला ओळखणाऱ्या एका मतदाराची सही लागेल," टेबलामागचा गोरा अधिकारी रेबर्न मान वर न करता म्हणाला.

"आम्हां काळ्यांतल्या एकाचंही नाव यादीत नाही, साहेब. आणू कुणाला?"

"मग गोऱ्याला आण. नियम म्हणजे नियम."

ओझेलाची जीभ काही थांबेना. "तुमचं नाव आहे की यादीत! लहानपणी कांजिण्या आल्या होत्या तेव्हा आठवडाभर तुम्हाला मांडीवर घेऊन बसले होते मी. तुम्हीच करा सही."

रेबर्नचे कान लालबुंद झाले. त्यानं अर्ज टराटरा फाडला.

"मी तुला ओळखत नाही. चला, पुढचा कोण?"

ती दारापर्यंत पोहोचली, तोच मागून त्याचा आवाज आला.

"आणि ओझेला, उद्या जरा लवकर ये. तुझ्या हातची पेज असल्याशिवाय आई तोंड उघडत नाही."