सातवी फाइल

“लिहा, बाई. ‘पहारेकरी काळूराम याच्या हलगर्जीपणामुळे...’” मॅनेजर संग्राम खिडकीकडे तोंड करून सांगत होता.

आशालताबाईंनी तेवढं टाइप केलं आणि कीबोर्डवरून हात उचलले. त्या सोमवारी सकाळी कामणच्या शीतगृहाचं दार उघडलं, तेव्हा आतली तीन टन सुरमई मऊ पडली होती. शनिवारी कधीतरी कॉम्प्रेसर बंद पडला होता आणि धोक्याची घंटा वाजलीच नव्हती.

“थांबलात का?”

“काळूरामने काल तुम्हाला फोन केला होता ना?”

“केला होता. दाराला पाणी सुटलंय म्हणाला. मी म्हटलं, स्क्रीनवर तापमान बघ. तर म्हणे उणे अठरा. मग काय, मी जेवण टाकून विरारहून धावत यायचं? आत जाऊन हात लावून बघायला काय झालं होतं त्याला?”

“किल्ली तुमच्याकडे असते, साहेब.”

संग्राम वळला. बाईंनी दोन कागद त्याच्यापुढे आपटले. आवाज जरा जास्तच झाला, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

ऑफिसातले सात जुने कॉम्प्युटर दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेले होते. आता ते एका मोठ्या मशीनच्या पोटात, नुसते आभासी चालायचे. प्रत्येकाची एक फाइल. त्याला मेमरी किती, डिस्क कुठली, बाहेरची कुठली वायर जोडलेली, सगळं त्यात लिहिलेलं. गेल्या आठवड्यात नवं सॉफ्टवेअर आलं. त्याला जुन्या फाइलींची भाषा कळेना, म्हणून शुक्रवारी बाईंनी त्या बदलून घेतल्या.

“ही जुनी सातवी फाइल, तापमान बघणाऱ्या कॉम्प्युटरची. ही नवी. ही ओळ बघा. थर्मामीटरची वायर. नव्या फाइलीत ती नाहीच. आपल्या प्रोग्रामला शुक्रवारपासून थर्मामीटर दिसतच नव्हता. शेवटचा आकडा धरून बसला होता.”

“मग ओळ गेली कुठे?”

“मी घालवली.” बाईंचा आवाज चिरका झाला. “नव्या फाइलीत जे बसत नाही, ते काढू का, असं विचारत होता तो फाइली बदलणारा प्रोग्राम. सहा वेळा बिनकामाच्या फ्लॉपीच्या ओळीचं विचारलं. मी सहा वेळा ‘होय’ दाबलं. सातव्यांदा न वाचताच दाबलं.”

तीस वर्षं बाई लोकांना सह्या करण्याआधी वाचायला सांगत आल्या होत्या. त्यांना आपलंच बोट ठेचावंसं वाटत होतं.

संग्राम खुर्ची ओढून बसला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

“बाई, हे कुणाला कळणार आहे? तुमची चूक म्हटली की वरचे विचारणार, मॅनेजर काय करत होता? काळूरामची म्हटली की प्रश्न मिटला. पुढच्या आठवड्यात दुसरा पहारेकरी.”

बाईंनी काळूरामचं नाव एकेक अक्षर करून पुसलं. त्या जागी स्वतःचं लिहिलं. खाली आणखी एक वाक्य घातलं, छापलं, सही केली.

संग्रामने वाचलं. “‘खोलीची किल्ली मॅनेजरांकडे होती.’ हे काढा.”

“नाही.”

“एक ओळ आहे, बाई!”

“तीही एकच होती.”

बाहेर मागच्या बाजूला काळूराम खड्ड्यात सुरमई लोटत होता. माश्या घोंगावत होत्या. बाई नाकाला पदर न लावता त्याच्यापाशी गेल्या.

“काळूराम, चूक माझी होती. तसं लिहून दिलंय मी.”

त्याने मान वर केली नाही. “सकालपासून साहेब सगल्यांसमोर मला झोपालू बोलले. गाडीवाले हसले. तेव्हा कुठं होतीव, बाय?”

“कागद शोधत होते.”

“दाराला पानी सुटलेलं मी बघितलं. माझ्या डोल्यांनी. आन् तुमच्या टीव्हीला खरा मानला.” तो थुंकला. भिंतीला टेकवलेलं दुसरं फावडं उचलून त्याने बाईंच्या पायांशी टाकलं.

बाईंनी ते घेतलं आणि सगळा राग एकवटून सुरमईच्या ढिगात मारलं. ते कुठेही न अडता दांड्यापर्यंत आत गेलं.