मागची गाडी

अँब्युलन्स नसल्यामुळे तूलियो दवाखान्याच्या वाटेवरच वारला. म्हणून यंदाची मॅरेथॉन त्याच्या नावाने, गावासाठी अँब्युलन्स घ्यायला. दरवर्षी जुनी पिकअप घेऊन तो सगळ्यांच्या मागून यायचा आणि दमलेल्यांना उचलायचा. आज त्या गाडीवर त्याचा मुलगा विल्किन होता आणि गाडीच्या पुढ्यात, सगळ्यांत शेवटी, तूलियोची बायको ओविदिया धावत होती.

"आई, बस गं गाडीत! तू पोचल्याशिवाय सांकोचोच्या हंड्यात कोणी डाव घालणार नाही. अख्खं गाव उपाशी बसलंय."

"बसू दे. दरवर्षी तुझ्या बापाची वाट बघत मीही उपाशीच बसायचे."

शेवटची रेघ हाकेच्या अंतरावर आली आणि ओविदिया थांबली. तिला साधी धापही लागली नव्हती. कमरेवर हात ठेवून ती रस्त्याच्या कडेला झाली.

"गाडी पुढे घे."

"अगं, ही गाडी सगळ्यांच्या शेवटी जाते!"

"जन्मभर शेवटीच आला तो," ओविदिया म्हणाली. "आज मी आहे ना मागे."