नंबर तनयाचा

ध्रुवने अंगातला पांढरा कोट काढून तनयाला घातला आणि काउंटरखालून वाकून तो बाहेर गिऱ्हाइकांच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"बाह्या दुमड," तो म्हणाला. "साहेब पलीकडच्या मेडिकलमधून निघालेत."

दुकानाचे मालक त्र्यंबकशेठ घाम पुसत होते. पेणच्या बाजारातल्या या मेडिकलच्या भिंतीवर फार्मासिस्ट म्हणून तनयाचं प्रमाणपत्र लावलेलं होतं, फोटोसकट. रोज बसायचा मात्र तिचा नवरा ध्रुव. आज औषध निरीक्षक तपासणीला आले म्हटल्यावर तिला घरून बोलावून घेतलं होतं.

तनया लग्नाआधी बेळगावला फार्मसी शिकली. मग फौजी नवऱ्यामागे आसाम, पंजाब, राजस्थान. दर राज्याची नोंदणी वेगळी. जुन्या राज्याचा दाखला येऊन नव्या राज्याचा नंबर मिळेपर्यंत ध्रुवच्या बदलीचा हुकूम यायचा आणि ती पुन्हा भांडी बांधायला घ्यायची. तो पेन्शनवर आला, दोघांनी पेणला खोली घेतली, तेव्हा कुठे तिचा महाराष्ट्राचा नंबर आला.

ध्रुवचं उलटं झालं. फौजेत तो नर्सिंग असिस्टंट होता. बर्फातल्या चौक्यांवर त्याने औषधं दिली, टाके घातले. बाहेर त्या शिक्षणाला कुणी विचारेना. काही महिने तो डोलवीला एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत उभा राहिला. शिफ्ट करून यायचा आणि ताटात मान घालून जेवायचा.

मेडिकलमध्ये काम विचारायला गेली होती तनयाच. ध्रुव नुसता सोबत आला होता. त्र्यंबकशेठ म्हणाले, "वहिनी, रात्रीपर्यंत बसायचं, खोकी उचलायची. तुम्हाला नाय जमायचं. नंबर तुमचा लावू, बसतील फौजी. घर तर एकच हाय ना?"

तिने ध्रुवकडे पाहिलं. किती दिवसांनी त्याने मान वर केली होती. ती हो म्हणाली.

निरीक्षक आत आले. फोटो बघितला, तनयाकडे बघितलं, नंबर विचारला. तिने न अडखळता सांगितला. मान हलवून ते मागच्या खोलीत फ्रिज तपासायला गेले. शेठ त्यांच्या मागोमाग.

तेवढ्यात रूथबाई पायऱ्या चढून आल्या. जवळच्या गावातल्या बेने इस्रायली, एकट्याच राहायच्या. मुलं कधीच इस्रायलला गेली होती. त्यांनी दोन रिकामी पाकिटं काउंटरवर ठेवली.

"नेहमीच्या दे गो. एक इथल्या डॉक्टरची, एक पनवेलला ॲडमिट होते तिथली."

तनयाने दोन्ही पाकिटं उलटून बघितली. मग पुन्हा बघितली.

"आजी, या दोन्ही घेता तुम्ही? रोज?"

"व्हय. दोन्ही सकाळच्याच."

"चक्कर येते?"

"येते तर. मागल्या आठवड्यात मोरीत पडले. वय झालं आता."

"वयाने नाही," तनया हळू आवाजात म्हणाली. "ही एकच गोळी आहे, ब्लडप्रेशरची. कंपन्या दोन, म्हणून नावं दोन. तुम्ही दुप्पट घेताय. आता दोन्ही एकत्र घेऊ नका. दोन्ही पाकिटं घेऊन आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा."

रूथबाईंनी बाजूला उभ्या असलेल्या ध्रुवकडे बोट केलं. "पण हा फौजीच देतो ना मला. दर महिन्याला."

ध्रुवने पाकिटं उचलून वाचली. फौजेत औषध एकाच नावाने यायचं, खोक्यावर लिहिलेलं. बाजारातल्या नावांआड एकच औषध असू शकतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मागच्या खोलीचं दार उघडलं. निरीक्षकांनी तिघांचे चेहरे बघितले.

"काही अडचण आहे?"

तनयाने पाकिटं रूथबाईंच्या हातात दिली. खरं बोलली असती तर ध्रुवचं काम गेलं असतं, तिचा नंबर गेला असता. आणि रूथबाई पडल्या त्या तिच्याच नंबरावर विकलेल्या गोळ्यांनी पडल्या होत्या.

"नाही साहेब," ती म्हणाली.

निरीक्षक गेले. रूथबाई डॉक्टरांकडे गेल्या. मग ध्रुव शेठना म्हणाला, "उद्यापासून ही बसेल. मी खोकी उचलीन."

"दोघांना पगार मला परवडत नाय, फौजी. जमत नसेल तर सांगा. दुसऱ्या कुणाचा नंबर लावतो. पुष्कळ मिळतात." शेठ रागावले नव्हते. भाजीचा भाव सांगावा तसं बोलले.

रात्री दोघं जेवायला बसली. ताटातलं तसंच राहिलं.

"सोडून देऊ का?" ध्रुवने विचारलं.

"मग तिथे कोण बसेल?"

दुसरा कुणीतरी बसला असता, आणि त्याला यातलं काहीच माहीत नसतं.

सकाळी ध्रुव दुकानात गेला. त्याच्याबरोबर तनयाही निघाली. तिला आत जागा नव्हती, म्हणून ती रस्त्यावर, पायऱ्यांच्या खाली थांबली. शेठनी एकदा तिच्याकडे बघितलं, भिंतीवरच्या तिच्या प्रमाणपत्राकडे बघितलं आणि हिशेबात डोकं घातलं.

पहिलं गिऱ्हाईक पुडी घेऊन खाली उतरलं. तनयाने हात पुढे केला.

"थांबा. काय दिलंय, बघू."