डाव्या चाकापाशी

अडुसष्ट सालची पाँटिअ‍ॅक गाडी वेंडेलने घरच्या गॅरेजमध्ये पार सुटी केली होती. वरचं धड साखळ्यांना टांगलेलं, खाली नुसती चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा. मुलगा कर्टिस वारल्यापासून गाडी ताडपत्रीखालीच होती. त्याला तिचं भारी वेड, म्हणून निदान आता तरी त्याच्या नावाने ती पुरी करायची, असं वेंडेलने मनावर घेतलं होतं.

बायको कॉफी घेऊन आली तसा त्याने लोखंड घासायचा ग्राइंडर खाली ठेवला.

"आधीच्या मालकाने मागच्या चाकापाशी काय वेल्डिंग केलं होतं, लॉर्ना. आंधळ्याने केल्यासारखं, नुसते गोळे. अख्खी दुपार घासत होतो. आता फिरव हात आणि जागा सापडली तर सांग."

लॉर्नाने हात फिरवला नाही.

"डाव्या चाकापाशी?"

"हो. तुला कसं माहीत?"

"तू कारखान्यात डबल पाळी करायचास, त्या उन्हाळ्यात कर्टिसने केलं होतं ते. शेजाऱ्यांचं मशीन मागून आणलं होतं. मला म्हणाला, डॅडला सांगू नकोस, गाडीखाली शिरेल तेव्हा दिसेलच त्याला."

वेंडेलने वळून त्या घासलेल्या जागेकडे पाहिलं.

"नंतर तरी सांगायचंस."

"ताडपत्री काढलीस तेव्हा वाटलं, बघितल्यावर ओळखशील."

ती आत गेली. वेंडेल गुडघे टेकून त्या गुळगुळीत लोखंडावरून हात फिरवत राहिला. जागा काही सापडेना.