विषाणूतलं नाव

ऐनाच्या झाडांवर शेंड्याशेंड्याला रेशमाच्या अळ्या उलट्या लटकून काळ्या पडल्या होत्या. बोट लावलं की फुटत होत्या. सुगंधाबाई डहारेचं वर्षाचं रेशीम गेलं होतं आणि ती झाडाखाली नुसती बसून होती.

विषाणूतज्ज्ञ हेमलता बोरकर यांनी एका अळीचा द्रव तपासयंत्रात घातला. प्रयोगशाळेत घडवलेल्या प्रत्येक विषाणूच्या जनुकांत कर्त्याचं नाव घालणं आता सक्तीचं होतं. हा हलगर्जीपणा ज्याचा असेल त्याला सोडायचं नाही, हे त्यांनी वाटेतच ठरवलं होतं.

पडद्यावर नाव उमटलं: हेमलता बोरकर.

त्यांनी पुन्हा तपासलं. तेच नाव आलं. हरभऱ्यावरची घाटेअळी तेवढी मारणारा, चार वर्षांपूर्वी त्यांनीच या गावात फवारायला दिलेला विषाणू आता बदलला होता. नाव मात्र जसंच्या तसं राहिलं होतं.

"कोनाचा हाय, मॅडम?" सुगंधाबाईने विचारलं.

यंत्र बंद करणं सोपं होतं. हेमलताबाई तिच्यासमोर मातीत बसल्या.

"माझा."

सुगंधाबाई मग हळूच म्हणाली, "पन तुमीच त सांगतलं होतं ना, दुसऱ्या कोनत्या अळीले काई होत नाही म्हनून."