शेवंडीचं माप

थोरल्या मुलाला जुळं झालं, त्या वर्षी माझ्या धाकट्या मुलीच्या, रोनाच्या मल्टिपल स्क्लेरोसिसपुढे, चालणं हिरावणाऱ्या त्या मज्जासंस्थेच्या आजारापुढे, तिसरं औषधही हरलं. एकच उपाय उरला होता: तिच्याच मूळपेशी काढायच्या, बिघडलेली प्रतिकारशक्ती औषधांनी पुसायची आणि पेशी परत द्यायच्या. मे महिन्यात डॉक्टरांनी कळवलं, “अजून तीनशे मीटर चालते. एवढा धोका नको.” ऑक्टोबरमध्ये त्यांनीच बोलावलं. ऑर्कनी बेटांवरून आम्ही दोघं बोटीने गेलो. तपासणीत रोना साठ मीटरवरच कोसळली. “किमान शंभर हवेत,” डॉक्टर म्हणाले. “आता उशीर झाला.” “मी नेमकी शंभर कुठल्या मंगळवारी चालत होते, तेवढं कळवायचं होतंत,” रोना म्हणाली. मी खिशातलं, आमच्या मासेमारीच्या धंद्यातलं शेवंडी (लॉब्स्टर) मोजायचं पितळी माप टेबलावर आपटलं. “आम्हीसुद्धा लहान आणि फार मोठी शेवंडी समुद्रात परत सोडतो, डॉक्टर. पण ती जगावी म्हणून.” रोना पुढच्या मार्चच्या नऊ तारखेला वारली, एकतिसाव्या वर्षी.