उजाडायच्या आधी

ट्रायपॉडचा पाय मऊ कशात तरी रुतला आणि वास आला, तेव्हा उज्ज्वलाला कळलं की आपण कुठे उभे आहोत. तिने तो पाय गवतावर घासला, दगडावर घासला. वास जाईना. शेजारी हर्षल नाकाला रुमाल बांधून कॅमेरा लावत होता. संडास बांधून दिले तरी बाहेरच बसायचं, घाणेरडे लोक, असं तो पुटपुटला. उज्ज्वलालाही किळस आली होती.

हर्षल पुण्याचा. रात्रीच्या आकाशाचे फोटो कसे काढायचे ते शिकवायचा. उज्ज्वला वाशीमच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. रिठद गावापासून आत, तांड्यामागचं हे माळरान तिनेच त्याला सुचवलं होतं. आसपास एक दिवा नाही. अमावस्येची पहाट, पावणेपाच वाजलेले. आग्नेयेकडून आकाशगंगा धुरासारखी वर चढत होती. पाऊण तासात पूर्व उजळायला लागली असती. त्याच्या आत काय मिळतील ते फोटो.

एकेका फोटोसाठी कॅमेरा वीस सेकंद डोळा उघडून बसत होता. तेवढ्यात तांड्याकडून मोबाइलचा उजेड हलत हलत आला. पाचसहा बायका होत्या, हातात डबे. हर्षलने लांबूनच ओरडून बॅटरी बंद करायला सांगितलं. उजेड विझला. वाळक्या पाल्यावरून पावलं सरकली, थोडं कुजबुजणं झालं, मग सगळं शांत. गेल्या एकदाच्या, असं म्हणून हर्षल पुन्हा कामाला लागला.

उज्ज्वलाचा पुढचा फोटो पडद्यावर उमटला. वर तारेच तारे. आणि खाली, जिथे तिच्या डोळ्यांना नुसता काळोख दिसत होता, तिथे झुडपांपलीकडे बायका बसलेल्या. गुडघ्यांवर साड्या गोळा केलेल्या. त्यातली एक गरोदर होती, तिने शेजारणीचा खांदा धरला होता. कॅमेऱ्याने काहीच सोडलं नव्हतं.

तिने हर्षलला सांगितलं. त्याने आपला फोटो अंगठ्याने मोठा करून पाहिला. अजून मोठा केला.

"चेहरे कुठे दिसतायत?" तो म्हणाला. "आणि घरी गेल्यावर मी त्यांना पुसूनच टाकणार आहे. आकाश बघा मॅडम, काय आलंय."

त्याने पुन्हा बटण दाबलं.

अंधारातून गोमतीबाई पुढे आली. तांड्यातली सगळ्यात म्हातारी बाई. आदल्या संध्याकाळी गाडी लावायला जागा तिनेच दिली होती, चहा केला होता. तिच्या अंगणातल्या संडासाला दार नव्हतं आणि आत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रचल्या होत्या. प्यायचं पाणी डोक्यावरून आणतो, संडासात काय ओतावं, असं ती सहज सांगून गेली होती. उज्ज्वलाने ते ऐकलं होतं. तरी मघाशी किळस आलीच होती.

"काय काढून राह्यली बाई?" गोमतीबाईने विचारलं.

"तारे, मावशी."

गोमतीबाई पडद्यावर वाकली. उज्ज्वलाने कॅमेरा फिरवायला हवा होता, पण तिने फिरवला नाही. म्हातारीने त्या गरोदर बाईवर बोट टेकवलं.

"हे आमची शीला हाय," ती म्हणाली. "एवढ्या अंधारात बी दिसते?"

उज्ज्वलाने मान हलवली. तिथेच उभं राहून, म्हातारीला दाखवत, तिने एकेक फोटो पुसला. बायका आल्या त्याच्या आधीचेही पुसले. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. हर्षल मात्र गोमतीबाईला समजावत होता. फक्त उजाडेपर्यंतचा प्रश्न आहे, तोवर बायकांनी दुसऱ्या बाजूला जावं, फार तर अर्धा तास.

"उजाडल्यावर आमी कुठी बसाव, साहेब?"

गोमतीबाईने आपल्या बोलीत हाक दिली. बायका अर्ध्यातून उठल्या. डब्यांचा आवाज लांब गेला.

उज्ज्वला जाऊन हर्षलच्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. काच तिच्या छातीशी आली. त्याने तिला बाजूला व्हायला सांगितलं, मग रागावला, मग विनवलं. असं आकाश पुन्हा महिनाभर मिळणार नाही, म्हणाला.

"फोटो पुसा," ती म्हणाली.

ही जागा तुम्हीच दाखवलीत ना, एवढंच तो म्हणाला. ते खरं होतं. ती हलली नाही, पण तिला स्वतःचीच शिसारी आली. शेवटी हर्षलने कॅमेरा उतरवला, पिशवीत घातला आणि चेन ओढली. फोटो पुसले नाहीत. आपण पिशवीत हात घालून कॅमेऱ्यातलं कार्ड काढून घ्यावं असं उज्ज्वलाच्या मनात आलं. तिने काढलं नाही.

गाडी माळरानावरून डांबरी रस्त्याला लागली. वळणावर दिव्यांचा झोत रस्त्याच्या कडेला पडला. तिथे ओळीने बसलेल्या बायका एकेक करून उभ्या राहिल्या, पाठ फिरवून, तोंडावर पदर घेऊन. शीलाला उठायला वेळ लागला. तोवर हर्षलने गाडी हळू केली होती आणि झोत तिच्यावरच राहिला.